खिशातली चिमूटभर माती

वसुधा परब गेल्या श्रावणात अंधेरीतल्या राहत्या घरी वारल्या. माती आणि गाळ तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या.

कणांचा आकार लेझरने मोजणारं मशीन आलं, तोवर त्यांचं निम्मं आयुष्य चाळण्या हलवण्यात गेलं होतं. तरी नव्याने लागलेल्या माझ्याशेजारी खुर्ची ओढून त्या शिकायला बसल्या. मशीन पाण्यात माती फिरवतं, त्यातून प्रकाश सोडतं आणि पडद्यावर आलेख काढतं: बारीक कण डावीकडे, जाड उजवीकडे. पाण्यात हवा राहिली, तर बुडबुडेही जाड कण म्हणून मोजले जातात. मी एकदा खाडीच्या गाळात वाळू दाखवली.

"वाळू कुठली गं? बुडबुडे मोजलेस तू," मॅडम म्हणाल्या. "हवा जाऊ दे, परत लाव. मशीनला काय, ते सोडा-वॉटरलाही रेती म्हणेल."

एका दुपारी त्यांनी कपाटातून औषधाची छोटी बाटली काढली. तळाशी चिमूटभर माती होती, वाळून राखाडी झालेली; नुसत्या डोळ्यांनी काही कळत नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद कॉलेजात असताना, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या मढला बुडाला. ही त्याच्या शर्टाच्या खिशातली. दारू पिऊन किनाऱ्यावरून पोहायला उतरला, असं मित्रांनी सांगितलं. आईने ते कधी मानलं नाही. तो पाण्याला घाबरायचा. खाडीच्या धक्क्यावरून पाय घसरला, असं ती म्हणायची. किनाऱ्यावर वाळू, धक्क्याखाली गाळ. चाळणीला मूठभर तरी माती लागते. मशीनला चिमूट पुरते, पण ती पाण्याबरोबर वाहून जाते.

"सगळी टाकू?" मी विचारलं.

"टाक. ठेवून काय पूजा करायचीय?"

आलेख उमटला. डावीकडे गाळाचा मोठा उंचवटा. उजवीकडे, वाळूच्या जागी, एक लहान.

"बुडबुडे असतील, मॅडम. हवा काढून परत लावते. माती अजून आतच आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे." मग पाणी सोडून द्यायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. माती नळीतून गेली.

तिथूनच त्यांनी घरी आईला फोन लावला.

"आये, मिलिंद धक्क्यारच होतो गो. पोहूक गेलो नाय."

पलीकडून म्हातारीचा आवाज मलाही ऐकू आला, "मगे? मी काय सांगत होतंय?"

मॅडमनी फोन ठेवला आणि मशीन धुवायला लावलं. आलेख त्यांनी पुसला नाही. तो अजून संगणकात आहे, उजवीकडच्या लहान उंचवट्यासकट.