कापगते सरांचा डाउनपाइप

कापगते सरांना "अमुक वस्तू द्या" असं सरळ म्हणताना मी कधी ऐकलं नाही. दुकानात यायचे, बाकावर बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "का म्हनता ताई, तुमचं का मत हाय?" कशाबद्दल, ते मागाहून कळायचं. गोंदियात माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला नवऱ्याचं गॅरेज. साधं वायपरचं पातं घ्यायचं तरी हा माणूस क्लचची केबल घ्यायला आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला मध्ये ओढायचा. ते बिचारं केबल विसरून वायपरवर बोलत बसायचं आणि मी काउंटरमागे दात खात उभी राहायची.

सर देवरीकडच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वाडवडलांनी गावचा तलाव बांधला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान. "आमच्या गावात तलावाचं पानी सोडाचं म्हनलं तरी अख्खं गाव बसते," ते सांगायचे. "ज्याची बांदी सगळ्यात शेवटी, त्याले सगळ्यात आधी इचारते. इचारल्याबिगर मी काईच करत नाई, ताई." बांदी म्हणजे धानाचं वावर. हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

एका दुपारी ते आले आणि म्हणाले, "ताई, डाउनपाइप म्हंजे नेमकं का असते?" मी चाटच पडले. मी सांगितलं, टर्बोतून निघालेला गरम धूर खाली नेणारी ती पहिली नळी. कंपनीच्या नळीत धूर साफ करणारी जाळी असते, ती धुराला अडवते. म्हणून हौशी पोरं बाहेरची मोकळी नळी बसवतात. गाडी लवकर उचलते आणि आवाजही भारी येतो. "पण सर, तुम्हाला या वयात हे काय सुचलं?"

तेव्हा कळलं. त्यांच्या मुलाची, निखिलची, लाल टर्बो गाडी दोन वर्षांपासून अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. निखिल आधी नागपुरात नोकरीला होता. सरांनी त्याच्यासाठी मुलगी पाहिली, पसंत केली, शब्द देऊन आले आणि मग त्याला कळवलं. तो घरी येऊन एवढंच म्हणाला, "मला विचारलं होतं?" किल्ली देवघरापुढे ठेवली आणि बंगळूरला निघून गेला. फोन करायचा तो फक्त आईला. आता तिला म्हणाला होता, यंदा दिवाळीला येतो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा पाहूनच जाईन. "त्याले असा पाइप लावाचा होता," सर म्हणाले. "आला की तोच चालू करून पाहीन, खूश होईन पोरगा. एकदा त्याचं मन साफ झालं पायजे, ताई. मंग बाकी काई नाई मांगत."

मी मनापासून सल्ला दिला. जाळी असलेलीच नळी घ्या, पण विरळ जाळीची. याच गाडीसाठी बनवलेली घ्या, म्हणजे सेन्सर जागच्या जागी बसतील. आणि त्याआधी निखिलला फोन करा.

"त्याले कायले इचाराचं?" सर म्हणाले. "त्याच्यासाठीच त करून राहिलो."

मग सुरू झाला माझा छळ. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणाऱ्या एका पोराला सरांनी चहाच्या टपरीवर गाठलं. तो म्हणाला, "अंकल, जितना बड़ा पाइप, उतना अच्छा." झालं! सरांना सगळ्यात रुंद नळी हवी. अहो, एवढ्याशा इंजिनाला ती कशाला? खाली लोंबेल, प्रत्येक स्पीडब्रेकरला घासेल! ते पटलं, तर देवरीच्या हायवेवर कोणी ट्रकवाला भेटला. "जाली निकाल के फेंको," म्हणाला. मी पुन्हा सांगत बसले, जाळी काढली की उग्र वास येतो, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटतो, पीयूसी होत नाही. सर प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवं मत घेऊन हजर. नागपूरचा माल देणारा माझ्यावर खेकसला, "मॅडम, तुम्ही एकदा काय ते ठरवा!" मी ठरवा? मी?

शेवटी माझा तोल गेला. भर दुकानात ओरडले, "सर, ज्याची बांदी त्याला आधी विचारता ना तुम्ही? मग ज्याची गाडी त्याला विचारा की! अख्खा जिल्हा पालथा घातलात, पोराला एक फोन होत नाही?"

सरांनी टोपी घातली. "तो मायासंगं बोलत नाई, ताई," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. मला रात्रभर चुटपुट लागली. पण सकाळी हजर! "तुमी सांगतलेलाच लावून द्या." मी देवाला हात जोडले.

पाइप आला, बसला, अगदी नीट बसला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निखिल स्वतः गाडी घेऊन दुकानात आला. शेजारी सर, नवे कपडे घालून. निखिलनं गाडी चालू ठेवून आवाज ऐकला, वाकून खालून पाहिलं. "काम चांगलं आहे, काकू. मी पण हाच घेतला असता." माझा ऊर भरून आला. मग तो बापाकडे वळला. "पण बाबा, माझ्या गाडीला हात लावायच्या आधी मला विचारावंसं वाटलंच नाही ना तुम्हाला? या वेळीही?" किल्ली काउंटरवर ठेवली आणि पायीच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तर सर दारात. "ताई, काढा तो पाइप. जुना लावून द्या."

"निखिलनं सांगितलं?"

"नाई. पन त्याले आवडलं नाई ना..."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो सर, पाइप आवडला त्याला! काय आवडलं नाही ते त्यानं तुमच्या तोंडावर सांगितलं, तरी तुम्ही पुन्हा तेच करताय! काढा तो फोन. तुम्ही त्याच्याशी बोलल्याशिवाय आमचे हे पान्याला हात लावणार नाहीत."

सरांनी फोन काढला. नालीच्या कडेपर्यंत गेले, परत आले. "हॅलो... निखिल... बाबा बोलून राहिलो. तो पाइप... ठेवू का काढू? तू सांगशीन तसं." नंतर बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मला वाटलं, आता पोरगा विरघळणार, राहू द्या म्हणणार. सरांनी फोन खिशात ठेवला.

"काढा म्हनते."

"काय?"

"काढा म्हनते. माझं मी पाहीन म्हनते." आणि हा माणूस चक्क हसत होता!

माझा संताप संताप झाला. एवढी धावपळ, एवढा सुंदर नग, आणि काढा? आमचे हे पुटपुटत गाडीखाली शिरले. बोल्ट सुटेपर्यंत सर गाडीपाशी उकिडवे बसून राहिले. दुकानात जो येईल त्याला सांगत होते, "निखिलनं फोनवर सांगतलं, काढा म्हने." पोराला सरकारी नोकरी लागल्यासारखा चेहरा.

पाइप निघाला. चकचकीत, धुराच्या उष्णतेनं अजून निळाही न पडलेला. मी तो हातात घेऊन तणतणतच विचारलं, "आता याचं काय करू, सर? परत पाठवू, विकू, की तुमच्या घरी टांगू?"

सर रस्त्याकडे पाहत होते.

"थांबा ना ताई," ते म्हणाले. "निखिल येऊन राहिला इकडं. त्याच्यासंगं बोलतो न् सांगतो."