तिने न दिलेला नकार

मंग यालानचा खुंगसाहेबांवर राग होता. वर्षानुवर्षं जपलेला, लोणच्यासारखा मुरलेला राग. त्यांचं नाव निघालं की ती चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवायची. नवरा विचारायचा, "अजून तेच धरून बसलीयस?" ती म्हणायची, "शब्द देऊन विसरणाऱ्या माणसाचं नाव माझ्या घरात नको."

तो राग चुकीच्या माणसावर होता, हे कळेपर्यंत तिचे केस पांढरे झाले.

यालान थायुआनची. वडील व्हिनेगरच्या कारखान्यात होते, आई शिवणकाम करायची. बंद पडलेल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षा देशात पुन्हा सुरू झाल्या आणि ही पोरगी बीजिंगच्या त्या विद्यापीठात निवडली गेली, जिथे परराष्ट्र खात्याची माणसं घडवतात. आईने व्हिनेगरची बाटली बरोबर दिली होती. वसतिगृहातल्या मुली नाक दाबून म्हणायच्या, "आली बघा आंबट बाई!" ती हसायची आणि त्यांच्याही नूडल्सवर थोडं ओतायची.

तिथे भाषा कुणी स्वतः निवडत नसे, विभाग वाटून देई. तिच्या वाट्याला फ्रेंच आली. पहाटे मैदानाच्या कडेला प्रत्येकाचं झाड ठरलेलं असायचं. झाडाकडे तोंड करून सगळे मोठमोठ्याने धडे म्हणायचे. यालानच्या झाडाजवळून जाणारे क्षणभर थांबत. दुभाष्याचं काम शिकवणाऱ्या शेनबाई कडक होत्या, कुणाचं कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण एकदा वर्गात त्या थांग बोवेन नावाच्या मुलाला म्हणाल्या, "तुझं फ्रेंच पाठ केलेलं वाटतं. यालान बोलते तेव्हा वाटतं, समोरचा माणूसच बोलतोय, आणि ही खोलीत नाहीच."

बोवेन उभा राहिला आणि म्हणाला, "मग हिच्याशी लग्नच करतो बाई, घरबसल्या शिकवणी होईल."

वर्ग हसला. शेनबाईसुद्धा हसल्या. त्याने खरोखरच लग्न केलं.

बोवेन खात्यात गेला. यालानला विद्यापीठाने शिकवायला ठेवून घेतलं आणि खात्याच्या दुभाषी विभागात जागा निघाली की बघू असं सांगितलं. जागा निघायच्या आत मुलगी झाली, निंग. मग बोवेनची बदली पश्चिम आफ्रिकेतल्या एका दूतावासात झाली. वरून निरोप आला की बायकोने सोबत जावं, मुलांची सोय इथेच करावी. सगळ्यांचं तसंच चालायचं. निंग तीन वर्षांची होती. यालानने तिला थायुआनला आईकडे सोडलं. स्टेशनवर पोरगी रडली नाही. आजीने तिच्या हातात साखरेत घोळवलेल्या लाल बोरांची काडी दिली होती, ती चाटण्यातच ती दंग होती. यालानला वाटलं, बरं झालं.

दूतावासात बरोबर आलेल्या बायकांना कामं वाटून दिलेली असत. कुणी टपाल बघे, कुणी फोनवर बसे. यालान स्वयंपाकघरात लागली. भिंतीपलीकडच्या मेजवान्यांतलं फ्रेंच तिच्या कानावर यायचं आणि इकडे ती बांबूच्या चाळणीत वाफवायला पाव मांडत असायची. जगातल्या कुठल्या मुत्सद्द्याला काय तिखट लागतं, हे तिला पाठ झालं होतं.

एकदा चीनहून डॉक्टरांचं पथक आलं. तिथल्या आरोग्यमंत्र्यांशी रुग्णालयाची बोलणी ठरली होती. दुभाषी मलेरियाने अंथरुणाला खिळला होता. बोवेन राजदूतांबरोबर लांब गावी गेलेला. दूतावासातले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी खुंगसाहेब घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वहिनी, तुम्ही शेनबाईंच्या विद्यार्थिनी ना?"

"हो. पण हाताला पीठ लागलंय."

"हात धुवा आणि चला."

ती दुपारभर मंत्र्याच्या खुर्चीमागे बसली. मंत्री चिडला की तिचा आवाज चिडायचा, डॉक्टर अडखळले की तिचाही अडखळायचा. शेवटी मंत्री हसून म्हणाला, "या बाईंना इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतं?" तिने तेही तसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं, तेव्हा खुंगसाहेबांचे कान लाल झाले.

जाताना ते तिला म्हणाले, "वहिनी, मी बीजिंगला लिहितो. तुमची जागा दुभाषी विभागात आहे. लवकरच बोलावणं येईल."

बीजिंग म्हणजे नुसतं काम नव्हे. बीजिंग म्हणजे थायुआनहून आगगाडीने रातोरात येणारी निंग. यालानने त्या आठवड्यात मुलीसाठी निळ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला, अंदाजाने, एक माप मोठा.

बोलावणं आलं नाही. काही महिन्यांनी खुंगसाहेबांचीच दुसरीकडे बदली झाली. निरोपाच्या वेळी ते तिच्याशी जेमतेम बोलले. "मोठ्या माणसांच्या गप्पा असतात गं त्या," बोवेन म्हणाला. "तू कशाला मनाला लावून घेतेस?" ती पुन्हा पिठात हात घालून उभी राहिली.

परतली तेव्हा निंग आजीच्या मागे लपली. "मावशी, तुम्ही किती दिवस राहणार?" तिने विचारलं. स्वेटर लहान झाला होता. मुलगी रुळायला लागते न लागते तोच पुढची बदली आली. मग त्यापुढची. यालानची आई वारली ते तिला तिसऱ्या देशात फोनवर कळलं. अंत्यविधीला निंग उभी राहिली, यालान नाही. बोवेन हळूहळू वर चढत राजदूत झाला. यालान 'राजदूतांच्या पत्नी' झाली. आता तिला पीठ मळावं लागत नव्हतं, दारात उभं राहून हसावं लागत होतं.

बोवेन निवृत्त झाल्यावर काही काळाने विद्यापीठाचा मोठा वर्धापनदिन आला. जुने विद्यार्थी जमले. राजदूतांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या जोडीदारांना मंचावर बोलावून फुलं द्यायची, असं ठरलं होतं. त्याआधी भोजनगृहात जेवण होतं. यालान ताट घेऊन बसली आणि समोरची खुर्ची ओढून काठी टेकत खुंगसाहेब बसले. तिने मान वळवली.

"वहिनी, अजून रागावलेल्या दिसता," ते म्हणाले. "खरं तर रागवायचं मी. माझा शब्द तुम्ही खाली पडू दिलात."

"मी?"

"नाही तर काय! बीजिंगहून होकार आला होता. जागा तयार होती. मी बोवेनला सांगितलं, वहिनींना विचार. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ती नको म्हणते, तिची तब्येत नाजूक आहे, नवऱ्याजवळच राहायचंय. वरिष्ठांपुढे मीच तोंडघशी पडलो."

यालानने घास ताटात परत ठेवला. पाण्याचा एक घोट घेतला. मग अगदी शांतपणे विचारलं, "कधीची गोष्ट ही? स्पष्ट सांगा."

"डॉक्टरांचं पथक गेलं, त्यानंतर लगेचच." म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हणजे… तुम्हाला त्याने विचारलंच नव्हतं?"

ती उठून बाहेर अंगणात गेली. थोड्या वेळाने आतला कार्यक्रम कर्ण्यांवरून ऐकू येऊ लागला. तिचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा. मग बोवेनचा आवाज आला, पोक्त, गोड: "माझ्या पत्नीला जरा चक्कर येतेय. तिच्या वतीने ही फुलं मी स्वीकारतो." टाळ्या पडल्या.

घरी तो फुलं घेऊनच आला.

"खुंगसाहेबांना काय सांगितलं होतंस?" तिने दारातच विचारलं.

तो नाही म्हणाला नाही, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. त्याने बूट काढले, सपाता घातल्या, बसला. "एकट्या माणसाला तेव्हा बढती मिळत नव्हती, यालान. तू गेली असतीस तर मलाही परत बोलावलं असतं."

"आणि निंग?"

"निंगला काय कमी पडलं? आणि माझ्यामुळे तू तीन देश पाहिलेस की नाही?"

"तीन स्वयंपाकघरं पाहिली."

"बोलायला छान जमतं तुला. पहिल्यापासूनच." त्या शेवटच्या शब्दांतली जुनी असूया ऐकून तिला शेनबाईंचा वर्ग आठवला आणि कळलं की हा माणूस त्या दिवशी हसत नव्हता.

ती थायुआनला आईच्या रिकाम्या घरी राहायला गेली. निंग तिथेच रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका होती. रविवारी ती भाजी, पीठ, गोळ्या घेऊन आली, कोट न काढताच खुर्चीच्या कडेला बसली. यालानने तिला सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, आता तरी पोर उठेल, जवळ येईल.

निंगने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे बाबा खोटं बोलले," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू? बोलावणं का आलं नाही, हे खुंगसाहेबांना एकदा तरी विचारलंस? ते तिथेच होते ना, काही महिने?"

यालानने विचारलं नव्हतं. तिने राग धरला होता.

"माझ्यासाठी एकदा विचारायचं होतंस, आई," निंग म्हणाली. आवाज चढला नव्हता. रुग्णाला गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तसा होता. मग ती उठली, भाजी निवडून ठेवली, गॅस नीट बंद होतो का ते पाहिलं.

"रक्तदाबाची गोळी सकाळी घे. काही लागलं तर शेजारच्या हाओकाकूंना हाक मार, त्यांना सांगून ठेवलंय. मी पुढच्या रविवारी येते."

ती दर रविवारी येते. एकही चुकवत नाही. जेवायला मात्र थांबत नाही. बोवेनचा फोन आला की यालान उचलते, होय-नाही करते आणि ठेवून देते.