शेवटच्या पानापर्यंत

आमच्या घरात ताटात अन्न टाकायचं नाही आणि हातात घेतलेलं पुस्तक अर्धवट सोडायचं नाही, असा बाबांचा कायदा होता. अन्नाचं मला पटायचं. पुस्तकाचं मात्र डोक्यात जायचं. नावडती भाजी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलता येते, पण चारशे पानांची कादंबरी कशी ढकलायची?

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि त्यांच्या बदलीमुळे आम्ही चंदीगडला येऊन पडलो होतो. मराठी घरं मोजकीच. त्या घरांमधून मराठी पुस्तकांनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक फिरायची. महिनाभर एका घरी, मग सायकलरिक्षात घालून दुसऱ्या सेक्टरात. ट्रंक ज्यांच्याकडे असेल त्यांच्या मुलांनी मराठी मंडळाच्या महिन्याच्या बैठकीत उभं राहून एक पुस्तक सांगायचं, अगदी शेवटासकट. पोरं मराठी विसरू नयेत म्हणून काढलेली ही युक्ती. बाबा त्या ट्रंकेचे कारभारी होते, त्यामुळे मी अडखळले की नाक त्यांचं कापलं जायचं.

मी सातवीत असताना हिवाळ्यात आमची पाळी आली. माझ्यासाठी बाबांनी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी निवडली. पुरुष सगळे तलवारी उपसणारे, बाया सगळ्या सज्जात उभ्या राहून डोळे टिपणाऱ्या. निम्म्यावर आल्यावर मी ती मिटली आणि बाबांना सांगून टाकलं, "मुझे नहीं पढ़नी." पहिली थोबाडीत बसली ती हिंदीबद्दल, दुसरी पुस्तकाबद्दल.

मग रोज संध्याकाळी मला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावणं सुरू झालं. अडखळले की बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी. त्या थंडीत पेरं आधीच ठणकायची. शेजारच्या सरदारजींना ऐकू जाऊ नये म्हणून बाबा आधी रेडिओ मोठा करायचे. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची. मला तिचाही राग यायचा, कारण लाटण्याचा आवाज एकदाही थांबायचा नाही.

एका संध्याकाळी पट्टी उठायच्या आत मीच ते पुस्तक भिंतीवर भिरकावलं. बाबांनी ते उचललं आणि त्याच पुस्तकानं माझ्या तोंडावर हाणलं. नाकातून रक्ताची धार लागली, उघड्या पानावर ठिपके पडले. बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि आधी पान पुसलं.

आई दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिनं ते पान पुसणं पाहिलं. तिनं त्यांच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं आणि न्हाणीघरात गेली. तिथे तांब्याचा पाणी तापवायचा बंब पेटलेला होता. तिनं पुस्तकाची शिवण उसवली आणि मूठमूठ पानं बंबाच्या नळीत कोंबायला लागली. बाबा मागे धावले. ही मंडळाची वस्तू आहे, मी चार लोकांना काय तोंड दाखवू, असं ओरडत होते. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"तिला नाही आवडत," एवढंच ती म्हणाली.

बाबांनी तिचे केस धरून तिला मागे खेचलं. ती सावरायला गेली आणि तिचा हात तापलेल्या बंबाला कोपरापर्यंत टेकला. ती किंचाळली. मी बाबांच्या मनगटाला कडकडून चावले आणि तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. शेवटी त्यांनी मला लाथेनं दूर केलं. त्या दिवशी त्यांच्या हातून आम्ही दोघी मेलो असतो असं मला वाटलं होतं, आणि मी घाबरले नव्हते. मला फक्त आणखी चावायचं होतं.

बैठकीत बाबांनी निखारा उडून पुस्तक जळाल्याचं सांगितलं आणि ट्रंक दुसऱ्यांकडे सोपवली. पुन्हा मला कुणी पुस्तक पुरं करायला लावलं नाही. मी पुढे अक्षरशः सूड उगवल्यासारखी पुस्तकं सोडली. दहा पानांत जीव रमला नाही की वाचनालयात परत, वर ग्रंथपालबाईंना कंटाळवाणं आहे म्हणून सांगायचे. घरात बाबांचा हात मात्र थांबला नव्हता, फक्त आता तो एकट्या आईवर पडायचा.

बँकेत नोकरी लागल्यावर मी दुसऱ्या सेक्टरात एक खोली घेतली, दोन खाटा टाकल्या, गॅस घेतला आणि आईला न्यायला गेले. बाबा कचेरीत होते. आईच्या डोळ्याखाली ताजा काळानिळा डाग होता. तिच्या साड्या मी स्वतः बॅगेत भरल्या आणि म्हटलं, चल, रिक्षा थांबवून आलेय.

तिनं एकेक साडी बाहेर काढून परत कपाटात ठेवली.

"इतकी वर्षं काढली," ती म्हणाली, "आता थोडंच तर राहिलंय."

मी रिकामी बॅग भिंतीवर फेकली. एवढा संताप मला बाबांचाही कधी आला नव्हता.