एकाच माणसाची सीट

गॅरेजमध्ये माणसाला दोन तास बसावं लागलं की तो बोलायला लागतो. गाडी खोललेली असते, घरी जाता येत नाही, मोबाइल पाहूनही कंटाळा येतो. मग साळ्याचं लग्न, शेजाऱ्याचं भांडण, ऑफिसातला साहेब, सगळं निघतं. मी दाराशीच शिलाई मशीनवर गाड्यांच्या सीट शिवत बसते, त्यामुळे सगळं माझ्या कानावर येतं. एकोणीस वर्षांत इतके किस्से साठले आहेत की भिशीत मैत्रिणी मला शेवटी बोलू देतात, नाहीतर बाकीच्यांचा नंबरच लागत नाही.

यंदाचे किस्से मात्र एकाच गाडीचे आहेत. आता सांगताना लोक हसतात. तेव्हा आमच्यापैकी कोणालाच हसू येत नव्हतं.

गॅरेज माझ्या दिराचं, विनोदचं. नागपुरात, जरीपटक्यात आहे. वेल्डिंगचं काम रशीदभाई करतात, ते माझ्याही आधीपासून इथे आहेत. आणि गाडी ढोबळे साहेबांची.

*

ढोबळे साहेब याच वर्षी रिटायर झाले. सरकारी ऑफिसात क्लार्क होते. त्यांची गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल, दोन सायलेन्सरवाली, लग्नापासूनची. एक दिवस ते आले आणि विनोदपुढे मोबाइल धरला.

"मले अशी पाहिजे."

फोटोत कॅफे रेसर होती. हँडल खाली, टाकी लांब, मागचा भाग कापून टाकलेला आणि सीट एकाच माणसाची.

विनोदनं त्यांना नीट समजावलं. चेसिस कापलेली गाडी आरटीओच्या नियमात बसत नाही. पोलिसानं अडवलं तर सांगायला काही नसतं. ढोबळे म्हणाले, "रविवारी सकाळी रिकाम्या रोडनं फिरवीन."

"अन् पाठ? या गाडीवर वाकून बसावं लागते."

"पाठीचं मी पाहून घेईन."

विनोदनं त्यांना स्टुलावर बसवलं. "समोरच्या टेबलाची खालची कड धरा आणि पाच मिनिटं तसेच राहा."

तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या खिशातला फोन वाजला. तो काढायला ते सरळ होऊ लागले, तर होता येईना. शेवटी मीच फोन काढून त्यांच्या कानाला लावला. बायकोचा होता.

"काय करून राहिले?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"वाकलो हाय," ढोबळे म्हणाले.

रशीदभाईंनी मागून धरून त्यांना हळूहळू उभं केलं. उभं राहिल्यावर त्यांनी पहिलं वाक्य हेच म्हटलं, "काम कधी सुरू करता?"

*

आमच्याकडे एक रीत आहे. चेसिस कापायची असेल तर कुठे कापायची ती खडूची रेघ मालकानं स्वतःच्या हातानं ओढायची. पूर्वी एका गिऱ्हाइकानं, मी इथं कापा असं म्हटलंच नव्हतं, असं म्हणत महिनाभर दारात येऊन भांडण केलं होतं. तेव्हापासून रशीदभाई रेघ पाहिल्याशिवाय ग्राइंडर हातात घेत नाहीत.

ढोबळे साहेबांनी खडू घेतला आणि रेघ ओढली. मग मागे सरकून पाहिलं आणि चार बोटं मागे दुसरी ओढली. बाहेर जाऊन चहा पिऊन आले, तिसरी ओढली. पहिली पुसायला गेले तर तिन्ही फराटल्या.

रशीदभाई चष्मा लावून, ग्राइंडर धरून पंधरा मिनिटं उभे होते.

"साब, लकीर एक खींचो. तीन खींचोगे तो तीन जगह काटूं क्या?"

ढोबळेंनी कपाळावरचा घाम पुसला, तर खडू कपाळाला लागला. मग डोळे मिटूनच म्हणाले, "मधली."

कापायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मागचा भाग खाली पडला तेव्हा ते दचकले. त्यांच्या मागोमाग मीही दचकले.

*

दुसऱ्या दिवशी विनोदनं रंगाच्या आधी चेसिस नंबर ताडून पाहायला गाडीचं आरसी बुक मागितलं. ढोबळेंनी प्लास्टिकच्या पिशवीतून ते काढून दिलं. विनोदनं वाचलं आणि परत पहिल्यापासून वाचलं.

"साहेब, हे नाव कोणाचं हाय?"

"कुंदाचं."

"कुंदा म्हणजे?"

"बायको गा माझी. माहेरचं नाव हाय ते."

गाडी कुंदाताईंच्या वडिलांनी घेतली होती, लग्नाच्या सहा महिने आधी आणि मुलीच्याच नावावर. नवीन इंजिन मोकळं व्हावं म्हणून ते रोज संध्याकाळी मुलीला मागे बसवून कन्हान नदीच्या पुलापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. मग लग्नात जावयाला चावी दिली. हे सगळं ढोबळेंनीच सांगितलं, अगदी कौतुकानं.

"त्याईले माहीत हाय, गाडी कापली ते?" विनोदनं विचारलं.

"रंगवायले टाकली म्हणून सांगतलं."

रशीदभाई ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसले.

"लकीर गलत आदमी ने खींची," ते म्हणाले.

*

मग कुंदाताईंचे फोन सुरू झाले. नवरा उचलत नसे, म्हणून गॅरेजच्या नंबरवर यायचे.

"झाली का गा गाडी?"

"ताई, रंग वाळून राहिला," विनोद सांगायचा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "नागपूरच्या उन्हात पापड तासाभरात वाळते बापा. तुमचा रंग कोणता हाय?"

विनोदनं फोन माझ्या हातात दिला आणि नळावर हात धुवायला निघून गेला. हात त्यानं आत्ताच धुतले होते.

मी तेव्हा तीच सीट शिवत होते. एका माणसाची. मागे टेकायला छोटा उंचवटा असतो, त्याच्यावर रेक्झिन ओढून धरलं होतं.

"तू सीट शिवते न वं?" कुंदाताईंनी विचारलं. "तर ऐक. मागच्या बाजूले फोम जरा जास्त टाकजो. माझी कंबर आता पहिल्यासारखी नाही राहिली. त्याईले सांगू नको, हसते ते."

मी मशीनच्या पायडलवरचा पाय काढला.

"टाकते ताई," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी त्या उंचवट्याची शिलाई उसवली. त्याच्यात फोमचा अजून एक थर घातला आणि पुन्हा शिवली. त्याचा कोणालाच काही उपयोग नव्हता. तिथे कोणी बसूच शकत नाही.

*

रशीदभाईंनी काम थांबवलं. पायदानं जोडायची बाकी होती.

"बाई को बताओ. फिर जोडूंगा."

ढोबळेंनी हात जोडले, समोसे आणले. रशीदभाईंनी समोसा खाल्ला आणि वेल्डिंगचं मशीन बंदच ठेवलं. शेवटी ढोबळे म्हणाले, आज सांगतो.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा आम्ही तिघंही हातातलं काम सोडून उभे होतो.

"सांगतलं?" विनोदनं विचारलं.

"सुरुवात केली."

"कुठपर्यंत?"

"म्हटलं, सीट थोडी लहान होईन."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणे, आपण दोघं तर काही बारीक नाही झालो."

"पुढं?"

"पुढं कुकरची शिटी झाली."

मी त्यांना म्हटलं, "साहेब, तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते. मले त्याईचा फोन येते. मी एकदा खोटं बोलली, दुसऱ्यांदा नाही बोलणार."

ते हळूच म्हणाले, "वहिनी, रविवारपर्यंत थांबा. नोकरीत पस्तीस वर्षं मी कोणालेच विचारल्याशिवाय काही केलं नाही. हे एकच केलं."

रविवारच्या भरवशावर रशीदभाईंनी पायदानं जोडली आणि मी थांबले. थांबायला नको होतं.

*

कुंदाताई शनिवारीच आल्या. ऑटोनं, न सांगता.

गाडी तयार होऊन दारातच उभी होती. काळीभोर, टाकीवर बारीक चंदेरी रेघ. खरं सांगते, दिसत होती फार सुंदर. ढोबळे साहेब हेल्मेट घालून तिच्यासमोर मोबाइलवर स्वतःचा फोटो काढत होते. बायकोला पाहून त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

कुंदाताई गाडीभोवती एक चक्कर फिरल्या. त्यांना कापलेल्या जागेपाशी जरा वेळ लागला. रशीदभाईंनी ग्राइंडरची वायर गुंडाळायला घेतली, ती आधीच गुंडाळलेली होती.

मग त्या सीटपाशी आल्या. हात ठेवला. मागचा उंचवटा अंगठ्यानं दाबून पाहिला, एकदा, पुन्हा एकदा.

"फोम टाकला वं," माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या.

"टाकला ताई." मी म्हटलं.

"जुनी सीट कुठी हाय?"

ती मी फेकली नव्हती. लांब, दोघांची, मधून जरा दबलेली. मागच्या खोलीतून आणून दिली. धूळ पुसायला लागले तर त्यांनी तशीच घेतली आणि ऑटोत मांडीवर आडवी ठेवली. ती दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती.

ऑटोवाल्यानं ढोबळेंकडे पाहिलं. "साहेब बी येऊन राहिले का?"

"नाही," कुंदाताई म्हणाल्या. "त्याईची गाडी हाय इथं."

*

त्यानंतर महिनाभर ढोबळे साहेब दिसले नाहीत. विनोद दोनदा म्हणाला, फोन करून पाहू का. पण केला नाही.

मग एका सकाळी ते कार्बोरेटर साफ करायला आले. गाडी स्वच्छ पुसलेली होती. विनोद काम करत होता तेव्हा ते माझ्या मशीनजवळ येऊन उभे राहिले. मी विचारू की नको असं करत शेवटी विचारलं, "ताई काय म्हणतात?"

"काही म्हणत नाही. बोलते चांगली. भाजी विचारते, गोळ्या आठवणीनं देते. या गाडीचं एक अक्षर काढत नाही."

"अन् ती सीट?"

"अंगणात दोन विटांवर ठेवली तिनं. रोज संध्याकाळी चहा घेऊन तिच्यावर बसते. मागच्या बाजूले. पुढची जागा रिकामीच ठेवते."

विनोदचा पाना थांबला.

"एक दिवस म्या म्हटलं, आपण बी बसावं. पुढं बसायले गेलो तर म्हणे, 'तिथी नका बसू.' म्हटलं, काहून? तर म्हणे, 'बाबा बसत होते तिथी.' चहा पेत राहिली."

"मग तुम्ही कुठी बसता?" मी विचारलं.

"पायरीवर," ते म्हणाले.