मक्याच्या पोत्यांची वाट

थिएटरला फोन लावला की माझी ताई व्हीलचेअरसाठी रॅम्प आहे का, असं विचारतच नाही. त्यावर सगळीकडे एकच उत्तर मिळतं, "चारच तर पायऱ्या आहेत, आमची माणसं उचलून घेतील." ताईला उचलून घेतलेलं मुळीच खपत नाही. म्हणून ती विचारते, "तुमच्याकडे पॉपकॉर्नचा मका कुठून आत येतो?"

परवा या प्रश्नाला मिळालेल्या उत्तराचा माग काढत आम्ही एका थिएटरच्या मागच्या बाजूला पोचलो. तिथे खरोखरच सिमेंटचा उतार होता. थंड पेयांचे क्रेट लादलेल्या ढकलगाड्यांनी तो मधोमध गुळगुळीत झाला होता. मला हसू आलं आणि रागही. चारच पायऱ्या आहेत, असं पोत्याला कुणी सांगत नाही. त्याच्यासाठी मुकाट उतार बांधतात. सामानाची अडचण आपल्याला न सांगता कळते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण आपल्या चांगुलपणावर भागवून नेतो.

ताई स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर गेली. आतून लोण्याचा खारट, गरम वास येत होता. तेवढ्यात डोअरकीपर पुढच्या दारातून वळसा घालून धापा टाकत आला. त्याने तिकीट फाडलं आणि ओशाळून म्हणाला, "मॅडम, हे सामानाचं दार आहे हो."

"होतं," ताई म्हणाली. "पुढच्या रविवारी मी इथूनच येणार आहे. तेव्हा धावत येऊ नका, आधीच इथे उभे राहा."