इंग्लिशातला राग

आमच्या तमिळ मुलखातल्या घरात मराठी बोलण्यापुरती. लिहिणं तमिळात. आणि राग इंग्लिशात. आमचे हे पापनाशमला सरकारी ऑफिसात क्लार्क होते. तिथला साहेब इंग्लिशात ओरडायचा, ते ऐकून ऐकून यांनाही राग त्याच भाषेत यायला लागला. सासूबाई म्हणायच्या, "ओरडू दे त्याला, आपल्याला कुठं कळतंय." ओरडून झालं की हे ताक मागायचे, मी द्यायची. संपलं.

लेक कंप्युटर शिकली. तेव्हा गल्लोगल्ली तेच क्लास निघाले होते. मद्रासला नोकरी लागली, जाते म्हणाली. हे नको म्हणाले. मी मागे आट्टुकल्लावर दोशाचं पीठ वाटत होते. यांचा आवाज चढला, इंग्लिशात. मी दगड फिरवतच राहिले. वाटून झालं, ताक काढलं. बाहेर आले तर लेक पिशवी घेऊन दारात चपला घालतेय.

"जेवून तरी जा."

"ऐकलंस ना, अम्मा?"

"ऐकलं. पण मला कुठं कळतंय ग."

ती गेली.

महिन्यानं यांच्या नावे इंग्लिश पत्र आलं. यांनी वाचून खिशात ठेवलं. शर्ट धुवायला घेतला तेव्हा मी ते काढून गावातल्या जुन्या राजवाड्यामागच्या म्हाताऱ्या मास्तरांकडे नेलं. त्यांनी वाचलं, "अप्पा, फ्यूरीत तुम्ही विसरलात, की मला आता इंग्लिश कळतं."

"फ्यूरी म्हणजे राग?"

"राग म्हणजे अँगर, वहिनी. तो माणसाच्या ताब्यात असतो. फ्यूरीत माणूसच त्याच्या ताब्यात जातो. समुद्र खवळतो, त्यालाही हाच शब्द लावतात."

"आणि हे काय बोलले, ते लिहिलंय?"

मास्तरांनी चष्मा काढला. "लिहिलंय, 'तुमचे शब्द इथे लिहीत नाही. अम्मा कुणाकडून तरी वाचून घेईल.'"

घरी येऊन यांना विचारलं. "मला तरी कुठं आठवतंय," म्हणाले. खरं असेल, खोटंही असेल. त्यानंतर हे कधी ओरडले नाहीत. ताकही मागितलं नाही.

हे गेले तेव्हा मी एसटीडी बूथवरून लेकीला फोन लावला. येत नाही म्हणाली. "असं काय बोलले होते ग?" मी विचारलं.

"तुला कळलं नाही तेच बरं, अम्मा."

शब्द कळले नव्हते. आवाज तर ऐकला होता. हातातला दगड थांबवायला इंग्लिश कशाला लागतं.