पोलीस असल्याची बतावणी करून

आमच्या घरी ‘बतावणी’ हा शब्द माझ्या वाट्याचा होता. गणिताच्या परीक्षेच्या सकाळी माझं पोट दुखायला लागलं, की आई भाकरी थापता थापताच म्हणायची, “बतावणी पुरे, ऊठ.” डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांत माझ्या पोटावर कधीच कुणाचा विश्वास बसला नाही, आणि बसू नये अशीच ती पोटदुखी असायची.

वर्तमानपत्रात मात्र याच शब्दाला भलताच रुबाब होता. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या स्थानिक पेपरात वरचेवर एक बातमी एकाच साच्यातून काढलेली असायची. ‘पोलीस असल्याची बतावणी करून’ दोघे भामटे यायचे, पुढे खून झालाय, झडती चालू आहे म्हणायचे, एखाद्या महिलेला दागिने उतरवून कागदात बांधायला लावायचे, हातचलाखीनं पुडी बदलायचे आणि ‘पोबारा’ करायचे. तिनं घरी जाऊन पुडी उघडली, की आत खडे. पोबारा हा शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही, तो छापण्यासाठीच जन्माला आला असावा. आम्ही या बातम्या चहाबरोबर हसत वाचायचो.

मग एके दिवशी ती महिला आमची आई निघाली.

आई कल्याणच्या घाऊक बाजारातून परकर आणि ब्लाउजपीस आणून घरी विकायची. बाजारातून परतताना तिच्या दोन्ही पाटल्या गेल्या, अगदी बातमीत लिहितात तशाच. सोन्याचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट होते ते भेटायला येणारे. शहाडचा मामा, शेजारणी, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून दमून आलेले बाबा, सगळ्यांचा प्रश्न एकच. “अगं, पण तू काढून दिल्यासच कशा?” आई आधी उत्तर द्यायची. नंतर तिनं कल्याणला जाणंच बंद केलं. परकर संपले, बायका दारातून परत जाऊ लागल्या. “घरी बस निवांत, काय अडलंय?” असं बाबा म्हणाले, तेव्हा मला त्यांचा संताप आला. तिचं सगळंच अडलं होतं. बाजारात ती घासाघीस करायची, थट्टा करायची, व्यापारी तिला ताई म्हणून खुर्ची द्यायचे. घरी ती नुसती फसलेली बाई होती.

काही महिन्यांनी दुपारी पेपर वाचताना ती थबकली. पुन्हा तीच बातमी, ठाण्याची. या वेळी एक निवृत्त मुख्याध्यापिका. आईनं ती मला मोठ्यानं वाचायला लावली, मग पुन्हा एकदा.

“बघ,” ती म्हणाली, “पेपरवाले त्या चोरांनी काय केलं तेवढंच लिहितात. बाईंनी दिलंच कसं, असं कुठे विचारत नाहीत.” मग पेपरची घडी घालत, “घरी विचारत असतील गं बिचारीला.” आणि ती रडली. पाटल्या गेल्या त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.

बातमीदार काही फार दयाळू होता असं नाही. त्याला जागा भरायची होती. तरी त्याच्या त्या घाईच्या, ठरावीक ओळीत दोष कुणाचा हे सरळ सांगितलेलं होतं. तेवढा न्याय आईला आम्ही घरच्यांनी दिला नव्हता, आणि हे आजही मला बोचतं.

संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं, उद्या कल्याणला जाते.

“मी रजा टाकतो, येतो बरोबर,” बाबा म्हणाले.

“या की. पण एकदा तुम्ही आलात, की मी पुन्हा कधी एकटी जायची नाही. मला माहितीये मी कशी आहे ते.”

बाबा गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई गाठोडं घेऊन परतली, तेव्हा दार त्यांनीच उघडलं. गाठोडं तिच्या हातातून घेतलं, पाणी आणून दिलं, आणि तिला काहीही विचारलं नाही.